दोन्ही काठांचा हंडा

हंडा हातून सुटला तेव्हा हिरू आणि नागू हे दोघे व्याही एकमेकांशी अतिशय आदराने बोलत होते, आणि त्या आदरानेच घात केला असं म्हणावं लागतं.

बोरवाडी आणि कातळपाडा या दहिवलीच्या वरच्या अंगाला असलेल्या दोन लहान वाड्या. मधे एक ओढा. बोरवाडीच्या हिरूची मुलगी चिमा आणि कातळपाड्याच्या नागूचा मुलगा सखा यांचं लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी लागायचं होतं. या वाड्यांची एक रीत होती. हळद लावून झाल्यावर नवऱ्याचं न्हाण व्हायचं, ते मुलीच्या माहेरून आलेल्या तांब्याच्या हंड्यातल्या पाण्यानेच. तो हंडा मुलीच्या बापाने स्वतः आणायचा आणि ओढ्यातल्या मधल्या कातळावर, म्हणजे दोन्ही वाड्यांच्या शिवेवर, मुलाच्या बापाच्या हाती द्यायचा. मग नवऱ्याला हळद लागायची, त्याची उष्टी हळद दिवस मावळायच्या आत नवरीकडे यायची, आणि मगच लग्न. हंडा पोचला नाही तर हळद नाही, आणि हळद नाही तर उद्याचा मुहूर्तही नाही.

पुढे पौष लागत होता. म्हणजे लग्न लांबलं असतं ते थेट माघावर. चिमाचं याआधी एकदा सुपारी फुटल्यावर मोडलं होतं, काही कारण नसताना, नुसतं दिवस लांबत गेले म्हणून. त्यामुळे हिरूने हंडा घरातून उचलला तो दोन्ही हातांनी पोटाशी धरूनच ओढ्यापर्यंत आणला.

कातळावर दोघे समोरासमोर उभे राहिले. ओढ्याचं पाणी दोन्ही बाजूंनी खळाळत होतं. दोन्ही काठांवर माणसं जमली होती.

"घ्या व्याही," हिरू म्हणाला.

"तुमी आधी पाय नीट रोवा. शेवाळ हाय."

"माझं पाय रोवलेलं हायत. तुमी धरा."

"तुमी सोडा, मग धरतो."

"आधी तुमी धरा, मग सोडतो."

असं बराच वेळ चाललं. समोरच्याचा मान राखण्याच्या नादात हंडा नक्की कोणाच्या हातात आहे याकडे दोघांचंही लक्ष राहिलं नाही. मधे एक क्षण असा आला असावा, की तो कोणाच्याच हातात नव्हता.

हंडा पाण्यात पडला, पण बुडाला नाही. अर्धाच भरलेला, कडेला हळदीकुंकवाची बोटं ओढलेला आणि गळ्यात झेंडूची माळ घातलेला तो मोठा हंडा उभाच्या उभा तरंगला, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि सावकाश, कोणाची घाई नसल्यासारखा, धारेबरोबर निघाला. खरं तर दोन उड्या मारून कोणीही तो धरला असता. पण मुलगी सासरी निघताना माणसं जशी नुसती बघत राहतात तशी दोन्ही काठांवरची माणसं बघत राहिली. हंडा उंबराच्या वळणापर्यंत गेला, तिथे जरा थांबल्यासारखा झाला, आणि फांद्यांच्या आड दिसेनासा झाला. मग सगळ्यांना पळायचं सुचलं.

उंबराखाली ओढा रुंद होऊन त्याचा डोह झाला होता. साती आसरांचा डोह. पाण्यात राहणाऱ्या या सात बहिणींना माणसाचा पाय पाण्यात पडलेला खपत नाही, म्हणून त्या डोहात कोणी उतरत नसे, गुरंसुद्धा नाहीत. डोह तीस हात रुंद आणि दोन पुरुष खोल. मार्गशीर्षात त्याचं पाणी इतकं नितळ असायचं, की वर पडलेलं पान पाण्यावर आहे की हवेत, हे कळू नये. करवंदीच्या जाळ्यांना वळसा घालून दोन्हीकडची माणसं आपापल्या काठावर पोचली, तोवर हंडा तळाला गेला होता.

आता पंचाईत अशी, की हंडा दिला गेला होता की नव्हता? कातळापाशी उभी असलेली माणसं आपापल्या परीने सांगत होती, पण त्यातून काही निष्पन्न होईना. शेवटी बोरवाडीच्या म्हाताऱ्या शुक्राने जुना नियम काढला. पुरात वाहून आलेलं लाकूड शिवेच्या ज्या बाजूला अडकेल त्या वाडीचं. यावरून आजवर कधी भांडण झालेलं नव्हतं. तोच नियम हंड्याला लावायचा. डोहाच्या मध्यापासून पलीकडे असेल तर हंडा कातळपाड्याला पोचला असं समजायचं, आणि तो बाहेर काढणं नागूचं काम. अलीकडे असेल तर हंडा अजून दिलाच गेलेला नाही, आणि तो काढून पुन्हा नेऊन देणं हिरूचं काम. दोन्हीकडच्यांनी माना डोलावल्या.

हिरू काठावर उकिडवा बसला आणि त्याने पाण्यात पाहिलं.  हंडा समोर होता. काठापासून फार तर पाच हातांवर, आणि तोही वर आल्यासारखा, कंबरभर पाण्यात ठेवल्यासारखा. माळेतला एकेक झेंडू मोजता येत होता.

हिरू खोटं बोलणारा माणूस नव्हता. पण त्याला चिमाचं मोडलेलं लग्न आठवलं. त्याने मान वर केली आणि पलीकडे बघून शांतपणे सांगितलं, "व्याही, तुमच्या बाजूला हाय."

पलीकडे नागूही उकिडवा बसला होता. त्यानेही पाण्यात पाहिलं. मग म्हणाला, "नाय व्याही. तुमच्याच बाजूला हाय."

त्याचं कारण असं, की नागूलाही हंडा स्वतःच्या पायाशी दिसत होता. तोही पाच हातांवर. आणि नागूच्या मागे त्याची बायको येसूबाई उभी होती, जी सकाळपासून म्हणत होती, की तुमच्याच्यानं हंडा धरवायचा नाय, धाकट्या भावाला पाठवा.

हिरूच्या मागे उभ्या असलेल्या बोरवाडीकरांनीही वाकून पाहिलं. सगळ्यांना दिसायचं ते दिसलं. मग सगळे एका आवाजात म्हणाले, की हंडा पलीकडे आहे. पलीकडून कातळपाड्याचंही तसंच उत्तर आलं. पन्नास माणसं या काठावर आणि पन्नास त्या काठावर, आपल्या घरासाठी मनापासून खोटं बोलत होती, आणि समोरच्यांनी मात्र खरं ओळखलं म्हणून मनातल्या मनात ओशाळत होती.

यावर उपाय म्हणून गुरुजींना पुढे करण्यात आलं. गुरुजी दहिवलीच्या शाळेचे. एकटेच राहत, पुस्तकं वाचत, आणि बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी जरा थांबत, कोणी चूक काढतंय का ते बघायला. आहेरावर नावं घालायला म्हणून त्यांना बोलावलं होतं. ते कोणाच्याच बाजूचे नसल्याने दोन्ही वाड्यांचा त्यांच्यावर विश्वास होता. त्यांचा स्वतःवर तितका नव्हता.

गुरुजींनी बोरवाडीच्या काठावरून पाहिलं. मग वर जाऊन, कातळांवरून ओढा ओलांडून, कातळपाड्याच्या काठावरून पाहिलं. मग पुन्हा अलीकडे आले. चष्मा पुसला. एक बांबूची काठी मागून घेतली आणि ती तिरकी पाण्यात धरली. पाण्यात शिरल्या जागी काठी मोडल्यासारखी दिसत होती.

गुरुजींनी सांगितलं ते थोडक्यात असं. उजेड पाण्यातून हवेत येताना वाकतो. त्यामुळे पाण्यातली वस्तू असते तिथे दिसत नाही. वर आलेली दिसते, आणि काठावरून तिरकं पाहिलं तर आपल्याकडे सरकल्यासारखी वाटते. दोन्ही काठांवरून ती जवळ दिसते, त्या अर्थी हंडा बहुतेक मधोमध असावा, आणि बराच खोल. निदान त्यांना तसं वाटत होतं.

शुक्राने हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गुरुजी, काठी बाहेर काढा बघू."

गुरुजींनी काढली.

"सरळ हाय की."

"तेच तर मी म्हणतोय."

"मंग वाकली कवा व्हती?"

गुरुजींनी काठीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि त्यांना शंका आली. आपण वाचलं ते वीस वर्षांपूर्वी. उजेड पाण्यात शिरताना वाकतो की बाहेर पडताना, की दोन्ही वेळा? त्यांनी सांगितलं, की एकदा पुस्तक बघतो आणि येतो. आणि ते खरोखरच दहिवलीची वाट चालू लागले. जायला एक तास, यायला एक तास.

ऊन डोक्यावर आलं. दोन्ही मांडवांत भात आणि वालाचं बिरडं तयार होतं. माणसं जेवायला पांगली आणि डोहावर दोघे व्याहीच उरले, आपापल्या काठावर. वारा नव्हता. पाण्यावर उंबराची सावली पडली होती आणि त्या सावलीत हंडा लखलखत होता. हिरू त्याच्याकडे बघत राहिला. बघता बघता त्याला वाटू लागलं, की हा आपला हंडाच नव्हे. पाण्याखाली आणखी एक बोरवाडी आहे, तिथेही एक लग्न आहे, आणि तिथल्या बापाने आपला हंडा वेळेवर पोचता केला आहे. तिथे कोणी खोटं बोललेलं नाही. झेंडूची माळ हळूच हलायची आणि थांबायची. त्या आसरांच्या तोंडावर आपण खोटं बोललो, असं हिरूच्या मनात आलं, आणि मग ते जाईना. मुलीच्या संसाराची सुरुवात खोट्याने करायची, म्हणजे तांदूळ न निवडता भात चढवण्यासारखं होतं.

हिरू उठला. त्याच वेळी पलीकडे नागूही उठला. पण हिरू आधी बोलला.

"व्याही, मी मगाशी खोटं बोललो. हंडा माझ्या बाजूला हाय. काढून देतो."

 नागूलाही नेमकं हेच बोलायचं होतं. तो म्हणाला, "तुमी कशाला खोटं बोलाल? खोटं मी बोललो. हंडा हा इथं, माझ्या पायाशी हाय."

हिरूला भरून आलं. व्याही आपली लाज झाकण्यासाठी दोष स्वतःवर घेतायत, असं त्याला वाटलं. नागूलाही अगदी तसंच वाटलं. दोघांनी एकमेकांना मोठेपणा दिला, एकमेकांचा मोठेपणा नाकारला, पुन्हा दिला. हळूहळू आवाज चढत गेले.

"व्याही, मला लाजवू नका. माझा हंडा, माझ्या काठाला, मी काढणार."

"हंडा तुमचा असंल, काठ माझा हाय."

"माझ्या डोळ्यांना दिसतंय ते खोटं का?"

"मग मी आंधळा का?"

जेवून परतलेल्या माणसांना काय चाललंय ते कळेना. सकाळी दोघे म्हणत होते हंडा तुझ्याकडे आहे, आता दोघे म्हणतायत माझ्याकडे आहे, आणि भांडणाचा जोर मात्र तोच. पण आपल्या माणसाच्या मागे उभं राहायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिवाय आता खरं तेच बोलायचं होतं, त्यामुळे दोन्हीकडच्या पन्नास-पन्नास माणसांना मोठा हुरूप आला. येसूबाई तेवढी म्हणाली, "मगाशी दोघांना नको व्हता, आता दोघांना पाह्यजे. हंडा हाय का जमीन?"

दोन्ही वाड्यांत एकेक गळ होता. विहिरीत कळशी पडली की दोराला बांधून सोडायचा तो लोखंडी आकड्यांचा गळ. दोन्ही गळ आले. हिरूने नेम धरून आपला गळ टाकला, अगदी हंड्याच्या काठावर. गळ हंड्यातून आरपार गेल्यासारखा खाली गेला. स्वप्नातली वस्तू धरायला जावं तसं झालं. त्याने गळ वर ओढला तर रिकामा, आणि पाणी निवळल्यावर हंडा जिथल्या तिथे. पलीकडे नागूचीही तीच गत. मग दोघे जरा पुढे टाकू लागले, मग आणखी पुढे. दोघांचे गळ डोहाच्या मध्याकडे सरकत गेले, आणि एका फेकीला दोघांच्याही हाताला जड लागलं.

"लागला," हिरू म्हणाला.

"मलाबी लागला," पलीकडून नागू म्हणाला.

गुरुजी तिथे असते, तर एक हंडा दोघांना कसा लागेल असा प्रश्न त्यांना पडला असता. पण ते दहिवलीला पुस्तक शोधत होते. दोन्हीकडच्या माणसांनी आपापला दोर धरला आणि ओढायला सुरुवात केली. हंडा तळाशी होता तसाच स्वस्थ होता, हे पाण्याकडे पाहिलं असतं तर दिसलं असतं. ओढणाऱ्यांपैकी कोणी पाण्याकडे पाहत नव्हतं. एकमेकांत अडकलेले दोन गळ पाण्याखाली जागच्या जागी थरथरत होते, आणि वर दोन वाड्या घामाघूम होत होत्या. बोरवाडीने एकदा हात-दीड हात दोर मिळवला तेव्हा तिकडे आनंद झाला. पुन्हा कातळपाड्याने तो परत मिळवला.

कातळपाड्याच्या दोराला सगळ्यात पुढे नागू होता, आणि त्याच्या पायाखाली शेवाळ होतं. बोरवाडीने जोर केला तसा नागू उभ्या उभ्या, दोर न सोडता, काही तक्रार न करता, सरकत सरकत पाण्यात गेला. आधी गुडघे, मग कंबर, मग मुंडासं.

 आसरांच्या डोहात माणूस उतरला होता.

तेवढ्यात मांडवातून सखा धावत आला. सकाळपासून हळदीची वाट पाहत तो उघड्या अंगाने, नुसतं नवं धोतर नेसून पाटावर बसला होता. त्याने काही विचारलं नाही. सूर मारला, तळाला जाऊन आला, आणि दुसऱ्या बुडीला बापाला धरलं. पण नागूने दोर काही केल्या सोडला नव्हता, आणि त्यात अडकलेला आपला दोर ओढायचं बोरवाडीनेही गोंधळात थांबवलं नव्हतं. त्यामुळे दोघेही आपसूक बोरवाडीच्या काठाला लागले. हिरूने हंडा समजून जे ओढून काढलं, ते त्याचे व्याही निघाले, आणि मागोमाग जावई.

नागू काठावर बसून पाणी थुंकत होता. हिरूने आपलं मुंडासं सोडून त्याचं डोकं पुसलं.  सखा थंडीने कुडकुडत उभा होता. लोकांनी त्याला विचारलं, की तू आत गेला होतास, हंडा कुठे आहे? सखा म्हणाला, "मधी. लई खाली. दोन कातळांत अडकलाय." हे उत्तर दोन्ही वाड्यांना पसंत पडलं नाही.

पण हिरूचं लक्ष तिकडे नव्हतं. दिवस कलू लागला होता. हंडा निघण्यासारखा नाही आणि डोहात पुन्हा कोणी उतरणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. मागे, बायकांच्या घोळक्यात चिमा उभी होती.  हिरूला तिच्याकडे पाहवेना.

तेव्हा पलीकडच्या काठावरून येसूबाईने विचारलं, "सखा न्हाला का नाय?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. कोणीतरी म्हणालं, न्हाला की, नखशिखांत न्हाला.

"कशातल्या पाण्यानं?"

"डोहातल्या."

"आन हंडा कुठं हाय?"

"डोहात," हिरू म्हणाला.

"मंग झालं की न्हाण. रोज हंड्यात पाणी आसतंय, आज पाण्यात हंडा हाय. तेवढा फरक मी चालवून घेतला. विहीणबाई, हळद आणा, पोरगं गारठलंय."

 हिरूची बायको सोनुबाई मांडवाकडे धावत गेली आणि वाटीभर हळद घेऊन आली. आधी हळद आणि मग न्हाण हा क्रम उलटा झाला होता, पण त्या दिवशी तेवढ्यावर बोलायची ताकद कोणात राहिली नव्हती. नवऱ्याला हळद नवरीच्या काठावर लागली. उष्टी हळद ओढा ओलांडून यायची ती दोन पावलांवर चिमाला लागली, दिवस मावळायला चांगला दोन घटका अवकाश असताना. चिमाने मान वर केली तेव्हा सखाचे दात अजून वाजत होते. ती हसली असं काही बायका सांगतात. दुसऱ्या दिवशी लग्न वेळेवर लागलं.

गुरुजी पुस्तक घेऊन आले ते लग्नाच्या पंगतीलाच; ते सापडेपर्यंत आदला दिवस मावळला होता. पानात चिंचेची काडी खूण म्हणून घातली होती. पण पंगतीत सगळे आनंदाने जेवत होते, दोघे व्याही एकमेकांना आग्रह करत होते, आणि त्यांना मधेच उठवून उजेडाविषयी सांगावं असं गुरुजींना वाटेना. त्यांनी पुस्तक मांडीखाली ठेवलं आणि भात वाढून घेतला.

हंडा तिथेच राहिला. आसरांनी तो ठेवून घेतला, असं दोन्ही वाड्यांनी ठरवलं. पावसाळ्यात ओढा तांबडा होऊन वाहिला तरी कातळांतून तो हलला नाही.

पुढच्या मार्गशीर्षात पाणी पुन्हा निवळलं. गुरुजी शाळेत घालायच्या मुलांची नावं लिहून घ्यायला कातळपाड्याला गेले होते. परतताना डोहाच्या काठावर, पाय पाण्यात न घालता, चिमा धुणं धूत होती. तिने त्यांना थांबवलं.

"गुरुजी, हे म्हणतात हंडा मधी हाय. मला तर हा इथं दिसतो. त्याच्या पोटाला पोचा पडलाय, आईच्या हातनं पडल्याला, तोसुदिक दिसतो. खरं काय?"

गुरुजींनी वर्षभरात त्या डोहाची आकृती वहीत तीन वेळा काढली होती, तीनही वेळा हंडा मधोमध आला होता, आणि ती वही आत्ता त्यांच्या पिशवीत होती. त्यांनी पाण्याकडे पाहिलं. पाच हातांवर हंडा चमकत होता.

"तुझ्याकडेच आहे," गुरुजी म्हणाले.

मग ते वर गेले आणि कातळांवरून ओढा ओलांडून पलीकडे उतरले. त्या काठावर सोनुबाई धुणं आपटत होती. लेकीच्या काठाकडे बघायचं आणि धुणं आपटायचं, असं तिचं चाललं होतं. गुरुजींना बघून ती उभी राहिली आणि म्हणाली, की आमचे हे म्हणतात हंडा लेकीच्या काठाला गेला, पण मला तो रोज इथंच दिसतो. तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा.

"तुमच्याकडेच आहे," गुरुजी म्हणाले, आणि दहिवलीच्या वाटेला लागले. वाटभर त्यांनी सवयीप्रमाणे आपल्या दोन्ही उत्तरांत चूक शोधून पाहिली. एकही सापडली नाही.